काळूच्या मरणाचा प्रवेश

पहिला खर्डा.

(ओसरी. दिवेलागण. बाई दोन ताटं वाढते. एक स्वतःपुढे, एक रिकाम्या पाटापुढे. जेवते. दुसऱ्या ताटातली नागलीची भाकर परत टोपलीत ठेवते. अंधार.)

नाटक इथे संपायचं. लखनने ते असंच लिहिलं होतं, कारण हरसूलच्या पुढच्या पाड्यावर, त्याच्या वहिनीच्या घरात, दिवस असाच संपायचा. वहिनी म्हणजे मंगलाबाई. तिचा नवरा, लखनचा थोरला भाऊ काळू, काही वर्षांपूर्वी दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर गेला, मुकादमाशी भांडला, पायीच घरी जातो म्हणून रस्त्याला लागला आणि पोचला नाही.

शोधायचं काम लखनकडे आलं. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला, शहरात राहतो, चार माणसं ओळखतो. पोलीस ठाणं झालं, सरकारी दवाखाना झाला, बेवारस मढ्यांचे फोटो बघून झाले. दर वेळी पाड्यावर जाऊन सांगायचं, काही कळलं नाही. पुढे ते सांगायला जाणंही कमी झालं.

मग त्याने नाटक लिहिलं.

स्पर्धेसाठी ते बसवणाऱ्या योगिनीला दोन्ही अंक आवडले, शेवट नाही. दोन तास लोक वाट बघतात रे, ती म्हणाली, त्यांना काहीतरी देऊन घरी पाठव. काळूचं काम करणारा अमोल म्हणाला, मी पहिल्या प्रवेशात पिशवी घेऊन जातो तो जातोच. माझी आई जरा उशिरा पोचली तर तिला वाटेल, पोरगा नाटकात नव्हताच. सगळे हसले. लखनही.

दुसरा खर्डा.

(ऊन. काळू चालतो आहे. द्राक्षबागेच्या कडेला शेततळं. तो पाणी प्यायला उतरतो.)

शेततळ्याला आतून काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं, पाणी मुरू नये म्हणून. शेतकरी त्याला कागद म्हणतात. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. माणूस आत घसरला की काठ हाताच्या अंतरावर असतो आणि हाती लागत नाही. लखनने हे कुणाबद्दल तरी ऐकलं होतं. काळूला त्याने तिथे नेऊन सोडलं. वेळ दुपारची दिली, सगळे मजूर जेवायला गेलेले, म्हणजे ओरडणं ऐकायला कुणी नको. लिहून झाल्यावर तो रडला आणि त्याला वाटलं, आता नाटक झालं.

प्रयोग.

शहरातलं, शालिमारजवळचं नाट्यगृह, दुपारची वेळ, निम्म्या खुर्च्या भरलेल्या. योगिनीने लाकडी उतार करून त्यावर काळा कागद ताणला होता. अमोल त्यावरून घसरत होता, चढत होता, घसरत होता. संवाद नव्हते. कागदावर नखांचा आवाज तेवढा येत होता.

मंगलाबाई तिसऱ्या रांगेत होती. लखननेच बोलावलं होतं. आपल्याकडचं नाटक आहे, ये, एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. शेजारची ललिता सोबत आली होती.

नंतर रंगपटात गर्दी झाली. कुणी लखनचा हात दाबत होतं, कुणी फोटोला ओढत होतं. मंगलाबाई दारात उभी राहिली. तो गर्दीतून तिच्याकडे आला.

"पाणी प्यायलाच उतरलेला?" तिने विचारलं.

"हो, वहिनी."

"कुणीच नव्हतं तिथं?"

"कुणी नाही. दुपार होती ना."

तिने मान हलवली. वहिनीला नाटक नीट कळलं म्हणून लखनला बरं वाटलं. चहा घे म्हणाला. ती म्हणाली, एसटी चुकेल. तेवढ्यात त्याला पुन्हा कुणीतरी फोटोला ओढलं.

फोन.

पाड्यावरचा म्हातारा चिमाजी. लोकांचे दिवस तोच घालतो. फोनवरही तो मळ्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो. काळूचं तू कळवलंस ते बरं केलंस, त्याने लखनला सांगितलं. मंगलाने बांगड्या उतरवल्या. मढं हाती नाही, तर पेंढ्याचा माणूस करून जाळू. भाऊ तूच, आग तूच द्यायची, उद्या ये.

मी काहीच कळवलं नाही, हे लखन बोलला तेव्हा फोन बंद झाला होता.

यानंतरचा प्रवेश नाटकात नाही.

(अंगण. सकाळ. मंगलाबाई पायरीवर. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. पलीकडे चिमाजी भाताचा पेंढा दोरीने आवळतो आहे. लखन गिरणाऱ्यावरून घाट चढून आला आहे. हेल्मेट काढायचं त्याच्या ध्यानात नाही.)

लखन : वहिनी, हे कशाला केलं?

मंगलाबाई : टोपडं काढ ते. तोंड दिसू दे. (तो काढतो.) तुला तोंडानं सांगता आलं नाय, ते समजलं मला. सख्खा भाऊ, कसं सांगशील? त्या पोराला तळ्यात घातलं आन दाखवलंस.

लखन : मी ते बनवलंय.

मंगलाबाई : काय बनवलं?

लखन : तळं. तहान. दुपार. सगळं मनाचं लिहिलं. मला त्याचं काही ठाऊक नाही.

(चिमाजीला कमी ऐकू येतं. त्याचे हात चालू आहेत.)

मंगलाबाई : मी इचारलं तवा हो म्हणालास.

लखन : मला वाटलं, नाटकातलं विचारतेस.

मंगलाबाई : नाटकातल्याचं मला काय करायचंय?

(लखन हेल्मेट पायरीवर ठेवतो.)

मंगलाबाई : मंग कुठं हाय तो?

लखन : ठाऊक नाही.

मंगलाबाई : जिता हाय?

लखन : ठाऊक नाही, वहिनी.

ती पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिली, सोडत राहिली. लखन चिमाजीकडे जायला वळला. त्याला सांगायचं होतं, थांबा, सोडा ते, माणूस मेला हे कुणीच बघितलेलं नाही. मंगलाबाईने त्याच्या सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"एवढी वर्षं मी दाराला कडी घातली नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "येईल, ढकलील, आत येईल. मांजर आलं तरी उठून बसायची. तुझं नाटक बघून आले आन कडी घातली. उन्हं अंगणात आली तरी उठले नाय. ललिता बघाया आली, ही बी गेली का काय म्हणून."

तिला जरासं हसू आलं आणि तिथेच ते मोडलं.

"लय झोपले रे मी. आता परत कडी काढाया लावू नको."

"पण खोटं आहे ते."

"तू केलंस ना? मंग तूच निभव. मला सांगू नको."

चिमाजीने हाक मारली. पेंढ्याला उंची किती द्यायची ते त्याला ठरवायचं होतं. मंगलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, दोघं सारखेच. मग चिमाजीने लखनला पेंढ्याशेजारी आडवं व्हायला सांगितलं. शहरात राहून वाढला बिढला नाहीस ना, असंही म्हणाला, आणि जमलेल्या दोघीतिघी बायका पदराआड हसल्या.

लखन आडवा झाला. शेणाने सारवलेलं अंगण पाठीला गार लागलं. चिमाजीने त्याच्या टाचांपाशी दोरी धरली, डोक्यापर्यंत नेली, गाठ मारली. पेंढा तेवढा कापला. कुणीतरी काळूचा जुना सदरा आणून त्याला घातला. बाह्या भरेनात, म्हणून आणखी पेंढा कोंबला.

ओढ्याकाठी नेऊन ठेवल्यावर सगळे लखनकडे बघत उभे राहिले. त्याच्या हातात पेटती काडी होती. बोलायचं तर आता. मंगलाबाई बायकांत उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याने आग दिली.

पेंढा तो. माणसाइतका वेळ त्याने घेतला नाही. ललिताने हुंदका काढला आणि इतर बायकांनी सूर धरला. त्यांच्यात मंगलाबाईचा आवाज वेगळा ऐकू येत होता, मोकळा, पोटातून आलेला.

दुपारी लखन परत निघाला. वाघेऱ्याच्या घाटात, वळणावर, डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस पाठीवर पिशवी टाकून पाड्याच्या दिशेने चालला होता. लखन पुढे गेला, थांबला, गाडी वळवून मागे आला. माणसाने टॉवेल वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. कुठं सोडू का, लखनने विचारलं. नको दादा, आलंच माझं गाव, तो माणूस म्हणाला.

लखनने गाडी पुन्हा वळवली. खाली गिरणाऱ्याला बाजार भरला होता. रस्त्याच्या कडेने पिशव्या घेऊन माणसं चालली होती, पाठमोरी. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि एकेकाच्या पुढे जाऊन मागे वळून बघू लागला.