भाऊजींची नवी दोरी

आमच्या भाऊजींना अक्कल नाही, असं मी म्हणणार नाही. आहे, पण समुद्रावर येताना ते ती घरी ठेवून येतात.

बोट चालवणं हा माझा रोजचा धंदा. श्वास रोखून बुडी मारणारे, भाल्याच्या बंदुकीने मासे टिपणारे कितीतरी लोक मी नेले-आणलेत. भाऊजींनी ही विद्या मोबाइलवर व्हिडिओ बघून घेतली. ते ताईचं ऐकत नाहीत, म्हणून तिने मला गळ घातली. तू असलीस की निदान परत तरी येतील, म्हणाली.

निघतानाच मी त्यांना समजावलं. दोरी बंदुकीच्या मुठीला लावायची, अंगाला नाही. दुसरं टोक पाण्यावर तरंगणाऱ्या लाल फुग्याला. कुठे अडकलात, तर बंदूक सोडून सरळ वर यायचं. भाऊजी हसले. फुगा म्हणे लहान मुलांना! नवी कोरी बंदूक सोडायची कशी? म्हणून साहेबांनी बंदूकही आणि दोरीही कमरेच्या, खाली बुडायला वजन देणाऱ्या शिशाच्या पट्ट्याला अडकवली. क्लिप कुठली, तर डोंगर चढणाऱ्यांची, आटे फिरवून बंद करायची. ताण आला की ती देवालाही उघडायची नाही. दुसरं टोक त्यांनी माझ्या बोटीलाच बांधलं. वर पट्टा पोटावरून घसरतो म्हणून बक्कलला चिकटपट्टीचे वेढे. बैलालासुद्धा दुसरं कुणीतरी बांधतं हो, हे स्वतःच स्वतःला बांधून घेत होते.

"मेहुणीबाई, तुम्ही फक्त बोट सांभाळा," असं म्हणून त्यांनी बुडी मारली.

पाणी नितळ होतं, वरून सगळं दिसत होतं. मासा खडकाच्या कमानीखाली शिरला, त्याच्यामागे हे. तेवढ्यात वारा सुटला, बोट सरकली आणि कमानीखालून गेलेली दोरी ताठ झाली. भाऊजी खेचले जाऊन पाठीने खडकाला चिकटले. हात क्लिपवर, मग बक्कलवर, पुन्हा क्लिपवर. बोटीवरची गाठ आवळून दगड झालेली. मी सुरी घेतली आणि दोरी कापली.

ते वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. बोटीची कड धरून खोकले, ओकले. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "नवी दोरी होती ती."

जेवताना त्यांनी ताईला माशाशी झालेली झटापट रंगवून सांगितली. मी घाबरट, मी उगाच दोरी कापली, नाहीतर मासा ताटात असता.

"भाऊजी, दोरीला मासा नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही होतात."

ते खदाखदा हसले. ताई वाढता वाढता थांबली.

पुढच्या आठवड्यात मी गेले, तर टेबलावर नव्या दोरीचं वेटोळं. क्लिप तीच, बक्कलवर ताजी चिकटपट्टी. दोरीत पोलादी तार आहे, भाऊजी ऐटीत म्हणाले, आता बघू सुरी काय करते ते. अशा माणसापुढे काय बोलणार, कपाळ!

ताईने दोरीवरून बोट फिरवलं.

"ही कशाने तुटते गं?" तिने मला विचारलं.

मोठी पक्कड लागेल, मी म्हटलं. ती आत गेली, भाऊजींच्याच हत्यारांच्या पेटीतून सगळ्यात मोठी पक्कड घेऊन आली. दोन्ही हातांनी जोर लावला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नवी कोरी दोरी मधोमध तुटून दोन्ही टोकं टेबलावर पडली.

"तुटते," ताई म्हणाली, आणि पक्कड माझ्या पिशवीत टाकली.