धामापूरच्या तळ्यातलं गाऱ्हाणं

आमच्या भाईच्या तोंडातून ‘होय’ काढणं म्हणजे नखाने कालवाचं शिंपलं उघडण्यासारखं. भाई म्हणजे माझा धाकटा दीर आणि देवबागेतल्या होडीवाल्यांचा पुढारी. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘बघूया.’ पाऊस पडेल का रे भाई? बघूया. मुंबईचे पाहुणे उद्या येणार का? बघूया. एकदा मी विचारलं, जेवलास काय? तर म्हणतो, बघूया. मेल्या, जेवलास की नाही ह्यात बघायचं काय?

माझं नाव रुक्मिणी. खाडीच्या काठाला माझं घर, घरात पाहुण्यांच्या चार खोल्या. सकाळी घावणे, दुपारी बांगडा, संध्याकाळी सोलकढी आणि ‘काकू, काकू’. आमच्या ह्यांची कंबर गेली तेव्हापासून आमची होडी माडाखाली उपडी पडून होती. मी, शेजारची मथुराकाकी आणि भाईची सून किशोरी, अशा तिघींनी ठरवलं की ही होडी आपण चालवायची. पाहुण्यांना खाडीतलं कांदळवन दाखवून आणायचं. वल्ह्याची होडी, इंजिनाची फडफड नाही, पक्षी उडून जात नाहीत. मी लहानपणापासून वल्हं मारते. किशोरीला मीच शिकवलं, सासऱ्याच्या नजरेआड.

पण होडी आमची असली तरी धक्का होडीवाल्यांच्या गटाचा. गटाने होय म्हटल्याशिवाय धक्क्याला होडी लावता येत नाही, आणि गट म्हणजे भाई. दोन हंगाम त्याचं ‘बघूया’ ऐकून माझं डोकं फिरलं होतं. शेवटी एकदा तो खरं काय ते बोलला.

“वयनी, वल्ह्या मारणा आणि गाऱ्हाणा घालणा, ही दोनय बापयांची कामा. बायकांनी त्यात पडा नये.”

गाऱ्हाणं घालण्यात भाईचा हात कोण धरणार? जत्रेत देवापुढे उभा राहून तो खणखणीत आवाजात साऱ्या गावासाठी मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतो. दुसरा कोणी गाऱ्हाणं घालत असला तर सगळ्यांत मोठा होयकार भाईचाच. दोन वर्षांमागे त्याने गाऱ्हाण्यातच घुसडलं, “...आणि औंदाचो मांडव माझ्या दादाच्या घराकडून होवचो म्हाराजा!” आमचे हे शेजाऱ्याशी गजाली करत होते. कानावर गाऱ्हाणं पडलं, सवयीने ‘होय म्हाराजा’ म्हणून मोकळे! घरी आल्यावर मी तणतणले, तर भाई गंभीरपणे म्हणाला, “देवासमोर होय म्हटल्यार माघार नाय, वयनी.” घातला बाबा पदरच्या पैशाने मांडव. काय करणार?

तर धामापूरला जायचं निघालं ते असं. पाहुणे माझ्या घरी राहून धामापूरचं तळं बघायला जातात, आल्यावर मोबाइलवर फोटो दाखवतात आणि विचारतात, “काकू, तुम्ही तर किती वेळा गेला असाल ना?” आणि मी म्हणते, “तर!” साफ खोटं. जवळच आहे, कधीही जाऊ, असं म्हणता म्हणता माझे केस पिकले. ह्या वेळी मी म्हटलं, पुरे. एक दिवस खोल्यांना कुलूप, आम्ही तिघी पाहुण्या.

भाईला कळलं तेव्हा तो सुपारी कातरत बसला होता. “जावा, जावा. आणि जातासात तर थंय होडी वल्हवून येवा. तळ्यात कसली लाट नि कसला काय! तिकडच्या टोकाक जावन परत इलात, कोणाक हाक नाय मारलात, तर...”

“तर काय? होडी धक्क्याक लागतली?”

“तर बघूया.”

किशोरीने माझा हात धरला म्हणून, नाहीतर अडकित्ता माझ्या हातात आला असता.

मार्गशीर्षातला लख्ख उन्हाचा दिवस. मालवणातून एसटी धरली. खिडकीशी मथुराकाकी, मांडीवर डबा. डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार, देवीच्या दारात जायचं म्हणून मासळी नाही. काकी सत्तरीला टेकलेली, पण तोंड कुठे थकतंय! चौके येईपर्यंत तिने कंडक्टरची सोयरीक जुळवून दिली होती.

धामापूरला उतरलो, भगवतीच्या देवळात शिरलो, ओटी भरली आणि मागच्या पायऱ्यांवर आलो. मी तिथेच उभी राहिले. तीन बाजूंनी डोंगर, डोंगरावर रान, रानाची सावली पाण्यात, आणि पाणी एवढं गप्प की माझे कान आपोआप लाटेचा आवाज शोधायला लागले. जन्म समुद्राच्या आणि खाडीच्या मधल्या पट्टीवर गेला, गप्प पाणी मी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुंदर इतक्या जवळ होतं आणि मी इथे घावणेच घालत बसले होते, ह्याचा मला रागही आला.

“पयली हयसर परडीत फुला ठेवन पाण्यात सोडली की लग्नाक दागिने वर येयत, म्हणतत,” काकी म्हणाली. “काम झाला की परत पाण्यात. कोणीतरी लबाडी केल्यान आणि तळ्यान देवचा बंद केल्यान.”

“माका दागिने नको,” मी म्हटलं. “माका भाईचो होय होयो.”

“ता तळ्याकय जमाचा नाय,” काकी म्हणाली.

होडीवाला धोंडू आमच्याबरोबर यायलाच निघाला होता. मी म्हटलं, तू पायरीवर बस. “आम्ही देवबागच्या!” हे ऐकल्यावर त्याने नारिंगी जाकिटं पुढे केली आणि पायरीवर टेकला. मी आणि किशोरी वल्ह्यांवर, काकी मागच्या टोकाला तोंड आमच्याकडे करून, हुकूम सोडायला. वारा पाठीशी होता. होडी अशी सुटली की काय सांगू! पलीकडच्या टोकाला रानाच्या सावलीत जाऊन लागलो तेव्हा आमचा श्वासही चढला नव्हता. पाणकावळे फांद्यांवर पंख सुकवत होते, एक किंगफिशर काकीच्या डोक्यावरून गेला. डबा उघडला. असं जेवण मी आयुष्यात जेवले नाही, कारण ते मला कोणाला वाढायचं नव्हतं.

“परतीची घाई नको,” काकी हात धूत म्हणाली. “थोडा पडूया. सुकती लागली की पाणीच आपणाक पोचवतला.”

“होय तर,” मी म्हटलं. सकाळीच तिथी मोजून भरती कधी, सुकती म्हणजे ओहोटी कधी, हा हिशेब मी बोटांवर करून ठेवला होता. आमच्याकडे जन्मलेलं मूल आधी ते शिकतं, मग चालायला.

पडलो. वारा वाढला. ऊन सरकलं. काठावरचा एक दगड मी खूण म्हणून धरला होता, तो होता तेवढाच ओला. पाणी हलेना.

“आज सुकतीक उशीर झालो,” काकी म्हणाली.

किशोरीने खाली वाकून चूळ भरली. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूळ! खाडीच्या पाण्याने कोण चूळ भरतं? मी ओंजळ तोंडाला लावली. गोडं, विहिरीसारखं गोडं.

“अगो बाय माझे! ह्या तळा! तळ्याक कसली भरती आणि कसली सुकती?”

काकीचं तोंड उघडं ते उघडंच. किशोरी हळूच म्हणाली, “माका म्हायत होता. माझ्या म्हायेराक, वैभववाडीच्या तळ्यात पण पाणी खंय जाणा नाय.”

“मगे बोललंस कित्याक नाय गो?”

“तुम्ही दोघी मोठी. माका वाटला, तुमका कायतरी जास्त म्हायत आसतला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि मग तिघींना जे हसू फुटलं, ते होडी डुचमळेपर्यंत. पण हसू ओसरलं तेव्हा वाऱ्याकडे लक्ष गेलं. सकाळी पाठीशी होता तो आता समोरून, देवळाकडून येत होता, आणि चांगलाच जोरात. वल्ही घेतली. गोड्या पाण्यात होडी जरा खालीच बसते, जड वाटते. मी ओढायची तेव्हा किशोरी थांबायची, किशोरी ओढायची तेव्हा मी. होडी गरकन फिरली आणि पुन्हा रानाकडे निघाली. परत वळवली, परत तेच. माझे खांदे भरून आले. देऊळ होतं तिथेच, बोटभर.

किशोरीच्या डोळ्यांत पाणी. तिने कमरेचा मोबाइल काढला. “मामंजींक फोन करूया? ते धोंडूक सांगतले.”

“कर,” मी म्हटलं. “कर फोन. आणि मगे आयुष्यभर त्यांच्या गजाली ऐक, बायका तळ्यात अडाकली म्हणान. आमची होडी माडाखालीच कुसतली. कर!”

तिने मोबाइल परत खोचला.

खरं सांगते, मी तेव्हा घाबरले होते. बुडायला नव्हे. भाईचं म्हणणं खरं ठरायला. आणि भीती वाटली की मला राग येतो, आणि राग आला की माझा आवाज चढतो. देवीकडे माझी पाठ होती, तशीच मान वळवून तिची माफी मागितली आणि जे आजवर आमच्यातल्या कुठल्या बाईने केलं नाही ते केलं. गाऱ्हाणं घातलं.

“गे माये भगवती! आज ही तुझी लेकरा तुझ्या पाण्यात इली हत!”

काकी गडबडली. पण सवय ती सवय. “होय म्हाराजा!”

“‘होय’ म्हटला की वल्ह्या ओढूचा!” मी किशोरीवर ओरडले. “काय चुकला-माकला आसात, सुकतीची वाट बघली आसात, ता पोटात घाल माये!”

“होय म्हाराजा!” दोन वल्ही एकदम. होडी पुढे.

“ह्यो वारो आडवो इलोहा, तेका बाजूक कर माये!”

“होय म्हाराजा!”

“किशोरीच्या हातात बळ दी, काकीच्या तोंडात जरा कमी दी!”

“होय... शिरा पडो तुझ्या तोंडार!” काकी म्हणाली, पण वल्ही पडली होती.

मग काय विचारता! सगळ्या देवबागेसाठी मागितलं. माडांसाठी, मासळीसाठी, ह्यांच्या कंबरेसाठी, एसटीच्या कंडक्टरच्या लग्नासाठी. प्रत्येक मागण्याला एक ओढ. तळहात सोलवटले, घाम डोळ्यांत गेला, पण होडी आता सरळ चालली होती आणि आमचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता.

काकी माझ्या खांद्यावरून पुढे बघत होती. तिचे डोळे बारीक झाले. “रुक्मिणी, पायरेर कोण आसा म्हायत हा? भाई.”

“खराच?”

“सुशांतय आसा. आणि धोंडू.”

सुशांत म्हणजे किशोरीचा नवरा. म्हणजे बाप-लेक गाडी घेऊन आले होते, रडणाऱ्या बायका घरी न्यायला! वाऱ्यावरून भाईचा आवाज आला, “वयनीऽऽ! थांबा! धोंडूक दुसरी होडी घेवन धाडतंय!”

“खबरदार!” मी ओरडले. “कोण पाण्यात उतारलो तर बघा!” आणि किशोरीला म्हटलं, “ओढ, बाय. आता घरच इला.”

शेवटचं पाणी आम्ही कसं कापलं ते मला आठवत नाही. पायऱ्या दहा हातांवर आल्या तेव्हा मी वल्हं आत घेतलं, होडी आपल्या वेगाने पुढे जात राहिली. मी बसल्या जागी वळले. समोर देवीचं देऊळ, पायऱ्यांवर ते तिघे. मी हात जोडले आणि पोटातून होता नव्हता तेवढा आवाज काढला, अगदी भाई जत्रेत काढतो तसा.

“आणि गे माये भगवती! ह्यो पोरी तुझा तळा पार करून इल्यो! आता आमची होडी देवबागच्या धक्क्याक लागूची, बायकांच्या हातान चलाची, आणि कोणी तेका आडवो येवचो नाय माये!”

“होय म्हाराजाऽऽ!”

काकीचा, किशोरीचा, धोंडूचा, सुशांतचा. आणि सगळ्यांच्या वर, खणखणीत, जन्माची सवय असलेला भाईचा. त्याचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. मग डोळे उघडले. तोंड मात्र तसंच राहिलं.

होडी पायरीला लागली.

“देवीसमोर म्हटलंस, भाई,” काकी म्हणाली.

“ता... ता सवयीन म्हटलंय!”

“मांडवाच्या वेळी तुझ्या दादानय सवयीनच म्हटल्यानी,” मी म्हटलं. “तेव्हा काय म्हणालंस रे? देवासमोर होय म्हटल्यार...”

“माघार नाय,” सुशांतने वाक्य पुरं केलं, आणि हसू लपवायला बायकोला हात देऊन पायरीवर घेतलं.

भाई देवळाकडे बघत राहिला, मग आमच्या सोलवटलेल्या हातांकडे. मला वाटलं आता भडकणार. पण त्याने वाकून होडीचा दोर धरला आणि स्वतः खांबाला बांधला. “गाऱ्हाणा बरा घातलास, वयनी,” तो म्हणाला. “आवाज खंयसून काढलास एवढो?”

मी ढसाढसा रडले. आनंदाने रडणारी बाई मी नव्हे, पण रडले. किशोरी रडली, काकीने दोघींना शिव्या घातल्या आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

मग भाईच्याच गाडीतून आम्ही तिघी पाहुण्या वालावलला गेलो, लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघितलं, तिथलंही तळं बघितलं. ह्या वेळी मी पाणी चाखूनच काठावर बसले. चहा सुशांतने पाजला. परतीच्या वाटेवर भाई पुढच्या सीटवर होता. चौके गेल्यावर त्याने मान मागे वळवली.

“वयनी, परवा मी आणि सुशांत येतंव. होडयेची डागडुजी करूया. रंग खंयचो देवया?”

मी खिडकीबाहेर बघितलं. माडांच्या मागे सूर्य खाली आला होता. मी सोलवटलेले हात मांडीवर ठेवले, आरामात मागे टेकले आणि म्हटलं,

“बघूया.”