पान चौदावर अर्मांड वारला

"साहित्य फक्त जखमेतून जन्माला येतं!" अशी घोषणा करून प्राध्यापिका इमोजेन स्ट्रॅट डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्या उभ्या होत्या भोजनगृहाच्या रांगेत, हातात रिकामा ट्रे घेऊन. मागच्या माणसाने पाच-सहा सेकंद जखमेचा मान राखला आणि मग म्हणाला, "बाई, सूप घेणार असाल तर घ्या, नाहीतर पळी इकडे द्या."

वर्ना पेल्टियर रांगेत त्याच्याही मागे होती. तिने घोषणा वहीत उतरवून घेतली नाही, कारण ती वहीत आधीच चार वेळा होती.

दोन वर्षांच्या या लेखन-अभ्यासक्रमात वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस व्हरमाँटच्या डोंगरातल्या या कॉलेजात येऊन राहायचं, आणि बाकीचे महिने घरी बसून लिहायचं. नेहमीची पोरं सुट्टीवर गेली की त्यांच्या अरुंद खाटांवर दंतवैद्य, वकील आणि घटस्फोटित मंडळी येऊन झोपत, आणि सकाळी दुखरी पाठ धरून एकमेकांची वाक्यं तपासत. एरवी दरमहा तीस पानं मार्गदर्शकांकडे पाठवायची. उत्तरादाखल पत्र येई.

चौसष्ट वर्षांच्या वर्नाची जवळपास सगळी नोकरी गावच्या कचेरीत गेली होती. कुत्र्यांचे परवाने आणि मृत्यूचे दाखले एकाच खिडकीतून दिल्यामुळे माणसांबद्दल तिचा फारसा गैरसमज उरला नव्हता. तिची कादंबरी होती लिऑन आणि व्हाय या जोडप्याची. तो रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवतो, ती पहाटे त्याचा थर्मास भरते. आपला नवरा अर्मांड याला जवळजवळ जसाच्या तसा तिने कागदावर उतरवला होता. अभ्यासक्रम पुरा करून हे पुस्तक बांधून गावच्या वाचनालयात ठेवायचं, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिच्या मार्गदर्शक इमोजेनबाईंची संमतिपत्रावर सही हवी होती.

पण बाईंचं पत्र दरमहा तेच विचारी: 'थर्मास गोड आहे. पण जखम कुठे आहे?'

वर्गात इतरांकडे जखमा मुबलक होत्या. कोरिना नावाच्या दंतवैद्यबाईंकडे तीन नवरे होते, तिन्ही माजी. सव्वीस वर्षांच्या डॅशिएलच्या आईवडिलांनी तळ्याकाठचा उन्हाळी बंगला विकला होता. त्या वियोगावर त्याने आतापर्यंत दोनशे दहा पानं लिहिली होती. वर्नाकडे मात्र एकोणचाळीस वर्षांचा सुखाचा संसार होता. हे ती शक्यतो कोणाला सांगत नसे.

"असा माणूस असूच शकत नाही," मागच्या उन्हाळ्यात कोरिना लिऑनबद्दल म्हणाली होती. "रोज सूपसाठी थँक्यू म्हणतो म्हणे! पटत नाही हो."

शेवटच्या सत्राच्या आधी पत्र आलं: 'जखमेशिवाय मी सही करू शकणार नाही. आणखी सहा महिने घ्यावेत.' तेव्हा एका मंगळवारी वर्नाने दार लावून घेतलं आणि पान चौदावर, अंगणातला बर्फ फावड्याने काढताना, लिऑनला मारलं. संध्याकाळी तिने अर्मांडला न विचारता आणखी चार पॅनकेक वाढले आणि वर मेपलचा पाक ओतला.

"आज काय विशेष?" त्याने विचारलं.

"काही नाही. खा तू."

आता शेवटच्या दिवशी सकाळी तिच्या पानांवर चर्चा होती. वर्गाचे नियम दोन, भिंतीवर चिकटवलेले. पहिला: चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. दुसरा: कथेतलं पात्र म्हणजे लेखक, असं कधीही समजू नये. बाईंनी अंड्याच्या आकाराचं गजर-घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवर लावलं.

डॅशिएल आधीच रडत होता. "तो गेल्यावर ती थर्मास धुवत नाही," तो म्हणाला. "वर्ना, तुम्ही हे सगळं एकटीने सोसलंत?"

"आता तो माणूस पटतो!" कोरिनाने नाक पुसलं. "मेल्यावर कसा अगदी खरा वाटायला लागला."

वर्नाने हात वर केला.

"नाही वर्ना, नियम," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "बोलू नका. तुम्ही पुरेसं बोलला आहात." मग त्यांनी स्वतःच सर्वांना एक मिनिट उभं राहून स्तब्धता पाळायला सांगितलं. दुसरा नियम त्यांच्या पाठीमागेच होता. मिनिट संपल्यावर त्यांनी संमतिपत्र काढलं, ओल्या डोळ्यांनी सही केली आणि टेबलावरून वर्नाकडे सरकवलं. वर्नाने ते झटकन वहीत घातलं. तेवढ्यापुरतं तिला तो तोंड न उघडण्याचा नियम फार शहाणपणाचा वाटला.

घड्याळात चार मिनिटं उरली असताना दार उघडलं. कानटोपी घातलेला एक धिप्पाड म्हातारा बूट आपटत आत आला.

"अगं, सामान कुठंय तुझं? मी गाडी चालूच ठेवलीय." त्याने तिच्यापुढे एक पोचे पडलेला थर्मास ठेवला. वर्ना गप्प. तो वर्गाकडे वळला. "हिला काय झालं? घसा बसला?"

"लेखिकेला बोलायची परवानगी नाही," डॅशिएल कसंबसं म्हणाला. त्याची नजर थर्मासवर खिळली होती. "हा... हा धुतलेला आहे?"

"साबण लावूच देत नाही मी. कॉफीची चव जाते."

अंड्याने टिर्र केलं.

"वर्ना," बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"माझा नवरा. अर्मांड."

"पण ते तर वारले!"

"पान चौदावर," वर्ना म्हणाली.

"आम्ही उभे राहिलो होतो!" कोरिना किंचाळली. "ह्यांच्यासाठी!"

"बसा की मग आता," अर्मांड म्हणाला. "मेलो कशाने मी?"

"फावड्याने बर्फ काढताना. हृदय बंद पडून," वर्नाने खाली बघत सांगितलं.

अर्मांडने कानटोपी मागे सारली. "हृदयाचं ठीक आहे. पण माझ्या पिकअपला पुढे बर्फ लोटायचं पातं बसवलेलं असताना मी फावडं कशाला धरीन? एकतीस वर्षं ट्रक चालवलाय मी. गावात कोणी मानायचं नाही हे."

दोन वर्षांत कादंबरीबद्दल कोणी बोललेली ही पहिली उपयोगाची गोष्ट होती. वर्नाने ती समासात टिपून घेतली.

इमोजेनबाई मात्र उभ्या राहिल्या होत्या. गालांवर लाल चट्टे उठले होते. "जखम उसनी आणता येत नसते, वर्ना. माझे अश्रू फसवून घेतलेत तुम्ही. ते पत्र परत द्या. मी सही खोडते."

"कादंबरी आहे ती," वर्ना म्हणाली, आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "नियम दुसरा."

"पत्र द्या!" बाईंनी हात पुढे केला. वर्नाने वही छातीशी धरली. सहा महिने, तीस-तीस पानं, पुन्हा तो प्रश्न. आणि या खेपेला मारायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

अर्मांडला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो खिडकीशी गेला. "ती कोपऱ्यातली गाडी कोणाची हो? ढिगाखालची. आरसा तेवढा दिसतोय."

"माझी," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "भाड्याची आहे. तीनचं विमान आहे माझं. का?"

"नाही, सहज. कॉलेजच्या ट्रकवाल्याने बर्फाचा अख्खा बांध तिच्यावर लोटलाय. आणि तो गेला जेवायला. रात्री गोठला की मग तो ढिगारा एप्रिलातच हलायचा."

बाईंनी अंड्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

पुढे केलेला हात बाईंनी सावकाश मागे घेतला आणि त्याच हाताने उगाचच गळ्यातली शाल नीट केली. त्या खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर बघत, दोन वर्षांत वर्नाने कधी न ऐकलेल्या लहान आवाजात म्हणाल्या,

"अर्मांड, ते पातं... आत्ता लावलेलंच आहे का? जरा माझी गाडी मोकळी करून द्याल?"