कड चेपलेलं भांडं

नाताळच्या जेवणाला कोणी काय आणायचं ते दरवर्षी घरच्या ग्रुपवर ठरायचं. दादा-वहिनींच्या घरी जेवण, त्यामुळे मुख्य स्वयंपाक वहिनींचा. आईचं सूप. गोडाचं मात्र कायम बारकीकडे असायचं. बारकी म्हणजे तिघा भावंडांतलं शेंडेफळ, आणि तिचं गोड म्हणजे बिस्किटांचं पुडिंग. कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांवर सायीचा थर, त्यावर पुन्हा बिस्किटं, वरून किसलेलं चॉकलेट. ना ओव्हन, ना गॅस.

यंदाही बारकीने लिहिलं, "गोडाचं मी बघते."

ताईने लगेच खाली टाकलं, "नको गं बाई, दरवर्षी काय ती ओली बिस्किटं! यंदा गोड मी करते. तू आपली फळं आण."

दादाने हसरे चेहरे पाठवले. बारकीने फक्त "बरं" लिहिलं.

ताई इस्पितळात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, रोखा, सोडा," हे तिचं दिवसभराचं बोलणं, आणि घरातही तिचा सूर तसाच असे. सगळ्यांनी तिच्या तालावर श्वास घ्यायचा! स्वयंपाकात मात्र तिचा हात कधी बसला नव्हता. आदल्या रविवारी तिने कॅरमेल पुडिंग करून पाहिलं. साखर जळून कोळसा झाली, दूध फाटलं, अंड्याच्या गाठी झाल्या. दुसऱ्यांदा केलं ते ताटलीत उपडं करताच आमटीसारखं पसरलं. ग्रुपवर एवढा तोरा मिरवल्यावर आता माघार कशी घेणार?

शेवटी कामावरच्या नर्सने मार्ग काढला. "माझ्या नणंदेच्या ओळखीत एक बाई आहेत, घरून ऑर्डर घेतात. काय करतात म्हणून सांगू! मागवू का?"

"मागव. पण कोणाला बोलू नकोस हं," ताई म्हणाली.

नाताळच्या सकाळी नर्सने इस्पितळात पुडिंग आणून दिलं. कंगोरेदार पत्र्याचं भांडं होतं, एका बाजूला कड चेपलेली. "भांडं तेवढं परत हवंय त्यांना," नर्स म्हणाली. ताईने घरी येऊन ते आपल्या चांगल्या काचेच्या ताटलीत उपडं केलं. पुडिंग अलगद उतरलं, तांबूस, तुकतुकीत. चेपलेल्या कडेमुळे एक कंगोरा तेवढा बसका आला होता. ती बाजू मागे करून ताईने ताटली झाकली आणि भांडं माळ्यावर सरकवून दिलं.

दुपारी जेवणं उरकली आणि ताईने झाकण उचललं.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "हे तुम्ही केलंत?"

"मग काय शेजारणीने?" ताई म्हणाली आणि सगळे हसले.

वहिनींनी कौतुकाने ताटली फिरवली. बसका कंगोरा बरोबर बारकीच्या समोर आला. बारकीने त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. ताईला वाटलं, लागलं वाटतं हिला. तिला मनातून जरा बरंही वाटलं. खोटं कशाला बोला!

बारकीने एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तो घास तोंडातच ठेवला.

"संत्र्याची साल आहे ना यात?" वहिनींनी विचारलं. "ताई, मला सांगाच कसं केलंत ते. माझी साखर दरवेळी कडू होते."

"सोपं आहे हो. दूध, अंडी, साखर. ढवळायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं."

"किती वेळ?"

"वीस... वीसेक मिनिटं."

"वीस?" वहिनींनी भुवया उंचावल्या. "तेवढ्यात होतं?"

ताईने पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात बारकी बोलली, अगदी साध्या आवाजात. "पन्नास गं, ताई. आणि मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी घालून त्यात भांडं ठेवायचं, म्हणजे जाळी पडत नाही. साखर सोनेरी झाली की लगेच उतरवायची, गडद रंगाची वाट बघत बसायचं नाही. वहिनी, ताईनेच मला परवा फोनवर सांगितलं. आता विसरली बघा."

सगळे पुन्हा हसले. ताईही हसली, पण तिच्या कानशिलांना आच लागली होती. हिला कसं कळलं? आणि हिने मला सांभाळून का घेतलं?

आईने आणखी एक तुकडा वाढून घेतला. "बारके, शीक जरा ताईकडून," ती म्हणाली. "किती वर्षं ती बिस्किटंच भिजवत बसणार आहेस?"

"शिकते ना," बारकी म्हणाली आणि रिकाम्या बशा गोळा करून आत गेली.

तोंड उघडायची वेळ हीच होती. ताईला ते कळत होतं. तिने समोरचा घास खाल्ला आणि ती पाणी प्यायली.

ती आत गेली तेव्हा बारकी बशा विसळत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"ताई, माझं भांडं उद्या परत दे. परवा त्याच मापाची ऑर्डर आहे."

ताईला आधी शब्द कळले आणि मग अर्थ.

"तू... तू करतेस हे? आणि तुझी नोकरी?"

"ट्रॅव्हल्सचं ऑफिस बंद पडून सात महिने झाले. आता तिकिटं काढायला कोण येतंय? सगळे फोनवरच काढतात." बारकीने नळ बंद केला. "आईला सांगू नकोस. तिचं ब्लडप्रेशर आधीच वर आहे. कुठेतरी नोकरीला लागले की मीच सांगेन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" बारकी म्हणाली. बस, एवढंच. तो एक शब्द ताईला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

बाहेर येऊन ताई खुर्चीवर बसली. वहिनी कागदावर कृती लिहून घेत होत्या, वर 'ताईंचं पुडिंग' असं लिहून खाली रेघही ओढली होती. ताईला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खरं बोलावं तर बारकीचं बिंग फुटेल, असं तिने स्वतःला बजावलं. पण ते निमित्त आहे हेही तिला ठाऊक होतं. विकत आणलं एवढं तर कधीही सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडं घासूनपुसून बारकीकडे गेली. वर्षभरात ती इकडे फिरकलीच नव्हती. बारकीची बाहेरची खोली आता खोली राहिली नव्हती. पलंगावर खोक्यांची चळत, टेबलावर अंड्यांचे ट्रे, खिडकीत संत्र्यांच्या साली वाळत घातलेल्या.

"ठेव तिकडे," बारकी म्हणाली.

"बारके, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

ताईला वाटलं होतं, एवढं म्हटलं की पुरेल. "विकतचं आणलं ते. आणि आई तुला बोलली तेव्हा मी गप्प बसले ते."

"आणि?"

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ओली बिस्किटं म्हणाले ते."

"दरवर्षी म्हणतेस," बारकी म्हणाली. "मी बारावीत असताना पहिल्यांदा केलं होतं ते पुडिंग. बाबा आजारी होते, त्यांना चावता येत नव्हतं म्हणून. तू ट्रेनिंगला बाहेरगावी होतीस. तुला माहीत असायचं कारण नाही. पण कधी विचारलंही नाहीस."

ताईने पर्समधून फोन काढला. तिने तिथेच उभं राहून आईला फोन लावला.

"आई, कालचं पुडिंग मी केलं नव्हतं. विकत आणलं होतं. मी केलेली दोन्ही बिघडली म्हणून."

आई म्हणाली, "आणि मी त्या पोरीला सगळ्यांसमोर बोलले."

"हो."

"तू ऐकत होतीस."

"हो, आई."

आईने फोन ठेवून दिला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ताईच्या मनात आलं. मग तिने वहिनींना फोन केला. वहिनी हसल्या, "अहो, एवढं काय त्यात!" म्हणाल्या, आणि ते हसणं आईने फोन ठेवण्याहून जड गेलं.

बारकीने सगळं ऐकलं होतं. तिने दूध गॅसवर ठेवलं, मंद केलं.

"माझं सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझं तू सांग. तुला वाटेल तेव्हा."

बारकीने एक गाळणी आणि पातेलं ताईपुढे सरकवलं. "हे मिश्रण गाळ. हळू. चमच्याने दाबू नकोस, गाठी खाली उतरतात."

ताईने पर्स खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि गाळायला घेतलं. पहिल्याच वेळी तिने दाबलं. बारकीने तिच्या हातातला चमचा काढून घेतला, गाळणी धुऊन पुन्हा तिच्या हातात दिली, आणि आपल्या कामाला लागली.