काल्याच्या दिवशीचा डबा

लिएन व्हिएतनामची भिक्षुणी. विद्यापीठात पाली शिकायला आली आणि दोन वर्षं माझ्या वरच्या खोलीत राहिली. मला आई म्हणायची. तिला कांदा-लसूण चालत नव्हता, माझ्याही गळ्यात माळ, त्यामुळं स्वयंपाक एकत्रच. तिचा एकच नेम अवघड होता. दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही.

सिल्लोडकडच्या एका गावात सप्ताहाची सांगता होती. आमच्या भजनी मंडळाच्या बायका जीप करून काल्याच्या कीर्तनाला निघणार होत्या. महाप्रसादाला गर्दी फार, म्हणून डबे घरून न्यायचे. लिएनलाही कीर्तन ऐकायचं होतं.

"आई, डबा मी करते. सगळ्यांना."

परातीत कोमट पाणी घेऊन ती बसली. राइस पेपर म्हणजे तांदळाच्या पिठाचा काचेसारखा पातळ पापड, तो पाण्यात बुडवायचा आणि लगेच काढायचा. जरा रेंगाळलं की फाटतो. ओल्या फडक्यावर पसरून त्यावर तांदळाच्या शेवया, काकडी, गाजर, पुदिना. मग तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधावं तसा घट्ट रोल गुंडाळायचा. माझे तीन फाटले. ती हसली, "आई, तू पुदिना निवड." चिकटू नयेत म्हणून मधे मधे कोबीची पानं घातली. शेंगदाणा-चिंचेची चटणी तेवढी माझी.

मालक गेल्यापासून हे मंडळ म्हणजेच माझा गोतावळा. मंगळवारचं भजन नसतं, तर मी भिंतींशी बोलले असते. मंडळ सरूबाईचं. ती जिला शेजारी बसवील ती मंडळातली.

साडेनऊला गावाबाहेर लिंबाखाली डबे उघडले.

"अगं बया, आतलं समदं दिसतंय की!" आशाबाई म्हणाली.

"काकडीला झिरझिरीत लुगडं नेसवलंय," भागूबाई म्हणाली, आणि हशा पिकला.

सरूबाईनं हात पुढं केला आणि थांबली. "आवडा, केलं कुणी?"

"कांदा-लसूण नाही हो त्यात."

"कांद्याचं कोण बोलतंय? परदेशातली का असंना, हाये तर बौद्धच. त्यांच्या हातचं आपल्यात चालत नाय. तुला काय म्या सांगावं?"

आशाबाईनं उचललेला रोल परत ठेवला. लिएन माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिला एवढं मराठी कळत असेल, असं कुणाच्या मनातही नव्हतं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"मी केलेत," मी म्हणाले. "हिनं नुसतं दाखवलं."

"मंग आधी बोलावं ना, येडे!"

पाच मिनिटांत डबा रिकामा. "आवडाच्या हाताला लई गोडी!" लिएननं आपल्या वाट्याचे दोन रोल सरूबाईपुढं सरकवले.

"घ्या," ती म्हणाली. "आईनं केले."

कीर्तन रंगलं. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचा दहीभात. देवानं सगळ्या एकात कालवल्या आणि एकमेकांच्या तोंडचा घास ओढून खाल्ला, असं महाराज सांगत होते. सरूबाईच्या डोळ्यांना धार लागली. मलाही रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण नेहमीसारखंच, गोड.

हंडी फुटायला साडेबारा झाले. ओंजळीत पडलेला काला लिएननं कपाळाला लावला आणि रुमालात बांधला.

"खाल्ला नाय बघा," जीपमध्ये सरूबाई म्हणाली. "आपला परसाद ह्यांना नाय चालत."

तिचा नेम मला ठाऊक होता. पण तोंड उघडलं असतं तर सकाळचंही बाहेर आलं असतं. मी मक्याची शेतं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं स्वयंपाकघरात रुमाल सोडला. दही आंबून गेलेलं, लाह्यांचा लगदा झालेला.

"टाक ते. पोट बिघडेल."

"प्रसाद आहे."

खाली बसून तिनं शेवटच्या कणापर्यंत खाल्लं, रुमाल धुऊन वाळत घातला. मग म्हणाली, औरंगपुऱ्यात मैत्रिणीकडं जागा आहे, महिनाअखेर जाईन. मी राहा म्हणाले. तिनं मान हलवली, पण हो म्हणून नाही.

मंगळवारी भजनाला गेले. सरूबाईनं शेजारी सतरंजीवर हातानं थोपटलं. "ये आवडा, तुझी जागा धरून ठिवलीय. आन् ते गुंडाळं आम्हालाबी शिकव एकदा."

"शिकवते की," मी म्हणाले आणि टाळ उचलले.