कनातीची दोरी

मळ्याच्या तोंडाशी लावलेलं बोराटीचं झाप दुर्गानं दोन्ही हातांनी उचलून बाजूला सारलं, तेव्हा एक काटा तळहातात मोडला. तो काढायला ती थांबली नाही. झाप पुन्हा जागेवर लावून तिनं पदर सावरला आणि वांग्याच्या वाफ्यांमधल्या पायवाटेनं विहिरीकडे निघाली.

विहिरीवर मोट चालली होती. शेषराव बैलांना उतारावर घेत होता. एरवी लांबूनच ‘रामराम, बाई’ म्हणणारा हा माणूस. आज त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग तो बैलांशीच बोलत राहिला. विहिरीपासून जरा दूर, लिंबाच्या सावलीत त्याची बायको पार्बताबाई उद्याच्या नांदगावच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. दुर्गाला पाहून ती उठली, जवळचं पोतं झटकलं आणि पसरून दिलं.

“बसा, बाई. पानी आनू का?”

“नको. मी बोलायला आले आहे.”

“बसा तं खरं. चालून आल्या इतक्या दुरून.”

दुर्गा बसली. काय बोलायचं ते तिनं आठ दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. वाक्यंही ठरली होती. पण पार्बताबाईच्या हातातली जुडी पाहिली, आणि पहिलं वाक्यच आठवेना.

दुर्गा गावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनात कारकून, महिन्यातून एकदा येई. मूलबाळ नव्हतं. शाळा सुटल्यावरचा वेळ तिला खायला उठे. गावातल्या तरुण मंडळाचा चिटणीस चंद्रभान एके दिवशी शाळेत आला आणि म्हणाला की पोरांची तालीम आहे, वाचनालय आहे, पण मुलींसाठी मंडळानं काहीच केलेलं नाही. तुम्ही लेझीम शिकवाल का? दुर्गा नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचं शिक्षण घेत असताना लेझीम शिकली होती. ती त्याच दिवशी हो म्हणाली.

मुली मिळवणं मात्र सोपं नव्हतं. माळ्यांच्या वस्तीत ती पंधरा दिवस घरोघर फिरली. प्रत्येक घरी एकच प्रश्न येई, पोरींना कोण पाहणार? आणि प्रत्येक घरी ती एकच उत्तर देई. कवायत शाळेच्या आवारात, दार लावून होईल. कार्यक्रम एकच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तोही फक्त बायकांपुढे. सभोवती कनात असेल. कनातीच्या आत पुरुषाची सावली येणार नाही. हा माझा शब्द.

त्या शब्दावर पंधरा मुली आल्या. सगळ्यांत मोठी शेषरावची शकुन. सोळा सरून सतरावं लागलेलं. तिचं लग्न बडनेऱ्याच्या एका घरी ठरलं होतं, रथसप्तमीला साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. म्हणून पार्बताबाई तिला पाठवायला तयार नव्हती. दुर्गानं तिचाही हात धरून शब्द दिला होता.

चार महिन्यांत पोरी अशा तयार झाल्या, की पंधरा लेझमांचा एकच आवाज येई. दुर्गा डोळे मिटून ऐकत उभी राही. शकुन पहिल्या ओळीत, डाव्या टोकाला. तिच्याकडे पाहून बाकीच्या वळत.

हळदीकुंकवाच्या दिवशी शाळेचं आवार बायकांनी भरलं होतं. त्या साली नव्या असेंब्लीच्या निवडणुका महिन्यावर आल्या होत्या. उभे राहिलेले अमरावतीचे एक वकील संध्याकाळी पोरांचा मल्लखांब पाहायला येणार होते. ते दुपारीच आले. मोटार थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं चंद्रभाननं कनातीबाहेरून हाक मारली.

“बाई, पाहुणे म्हणतात मुलींचं काम दोन मिनिटं दुरून पाहू द्या. गावातली चार मोठी माणसंही आहेत सोबत. तुम्ही म्हणाल तसं.”

तुम्ही म्हणाल तसं. दुर्गाला नंतर हे शब्द फार वेळा ऐकू आले. नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. आत बायका मुलींकडे पाहण्यात गुंग होत्या, लेझीम ऐन रंगात होती. दुर्गानं पोरींकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, हे एवढं सुंदर आज इथंच संपणार, कुणालाही कळणार नाही. तिनं खांबाची दोरी सोडली. दोन मिनिटांसाठी, हातभर.

कनात हातभर सरकून थांबली नाही. संक्रांतीचा वारा होता. ती खांबापासून सुटून खाली आली, आणि पलीकडे पाहुण्यांसोबत शेदीडशे माणसं उभी असलेली दिसली. बायकांनी पदर ओढले, मुली थबकल्या. एकटी शकुन शेवटच्या ठेक्यापर्यंत थांबली नाही. तिचं तोंड खांबाकडे होतं. दुर्गाचा हात दोरीवर तिनं पाहिला होता.

संध्याकाळच्या भाषणात वकिलांनी दुर्गाचं नाव घेतलं. अमरावतीच्या पत्रात तो वृत्तान्त छापून आला, चंद्रभाननं कात्रण आणून दिलं. दुर्गानं ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा शेजारीण सांगत आली, की शकुनची सुपारी परत आली. मुलाचा मामा त्या गर्दीत होता. गडीमाणसांपुढं नाचलेली पोरगी आम्हाला नको, असा निरोप होता.

“तुमच्यापाशी मलेच यायचं होतं,” पार्बताबाई बोलू लागली तशी दुर्गा भानावर आली. “पन कोनत्या तोंडानं येऊ? चार मयने तुमी पोट्टीवर मेहनत घेतली, अन् तिनं तुमाले चारचौघांत खाली पाहाले लावलं.”

“शकुननं?”

“तिनंच कबूल केलं. सुपारी वापस आली त्या दिवशी. कनातीची दोरी बांधाचं काम तिच्याकडं होतं ना? म्हने, म्या बांधलीच नाई. मुद्दाम. मले वाटलं लोकायनं पाहावं.” पार्बताबाईनं जुडीला पिळा दिला. “तिच्या बापानं त्या रोजपासून तिच्या हातचं पानी घेतलं नाई.”

सोमवारी कवायतीला चौदा मुली आल्या होत्या. एकही येणार नाही असं धरून ती शाळेचं दार उघडून बसली होती, आणि चौदा आल्या होत्या. त्याचं कारण तिला कळलं नव्हतं. विचारायचा धीरही झाला नव्हता.

“बाकीच्या पोरी…” ती म्हणाली.

“त्यायच्या आया कवायत बंद करनार होत्या. मी गेली घरोघर. म्हटलं, बाईचा कसूर नाई, मायाच पोट्टीचा हाये. तिले शिक्षा भेटली. तुमच्या पोरींले काहून कोंडता?”

मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं आणि दांडानं खळखळत पुढं गेलं. पलीकडे मुळ्याच्या वाफ्यात शकुन फावडं घेऊन पाणी वळवत होती. तिनं मान वर केली नव्हती, पण तिचं फावडं थांबलं होतं.

“पार्बताबाई,” दुर्गा म्हणाली, “शकुननं दोरी बांधली होती. मी सोडली.” शाळेतली भाषा तिच्या तोंडून गळून पडली, ती माहेरच्या बोलीत बोलू लागली. “म्या सोडली. चंद्रभाननं इचारलं, मी नाई म्हनू शकत होती. म्हटलं नाई. मले वाटलं, माया हातचं काम कोनी तरी पाहावं. तुमाले शब्द देल्ला होता, थो आठोला नाई असंही नाई. आठोला होता.”

पार्बताबाई तिच्याकडे पाहत राहिली. शकुन वाफ्यातून चालत आली, पायांना पोटरीपर्यंत चिखल होता. तिनं फावडं खाली टेकवलं आणि शाळेत हजेरी द्यावी तशा साध्या आवाजात म्हणाली,

“बाई, असं काहून बोलून राहिल्या? दोरी म्याच नोती बांधली.”

“शकुन…”

“म्या नोती बांधली.”

आई एकदा मुलीकडे, एकदा शिक्षिकेकडे पाहत होती. मग तिनं हातातली जुडी पुरी बांधली, ओळीत ठेवली आणि म्हणाली,

“पानी फुटलं पाहा तिकडं.”

दांड खरंच फुटला होता. पाणी पायवाटेवर पसरत होतं. शकुन क्षणभर हलली नाही. मग फावडं उचलून गेली.

ती पुरेशी लांब गेल्यावर पार्बताबाई हळू आवाजात म्हणाली, “मले ठाव होतं.”

दुर्गानं वर पाहिलं.

“चार वर्साची होती तवापासून जुड्या बांधते थे. तिची गाठ मले सुटत नाई. अन् बांधाचं सांगतलं अन् तिनं बांधलं नाई, असं एक डाव झालं नाई आजवर.”

“मग तुम्ही घरोघर काय सांगितलं?”

“पोट्टीनं जे सांगतलं थेच सांगतलं.”

“पण का?”

पार्बताबाईनं मेथीच्या ढिगातून पुढचा मूठभर पाला उचलला, पिवळी पानं खुडू लागली. “धाकटी मुक्ता येते ना तुमच्याकडं. शेजारच्या येतात. तुमचं नाव गेलं असतं तं कवायत बंद, मंग शाळाही बंद. इथं पोट्टी शाळेतून काढाले बहानाच लागते लोकायले. एकीचं मोडलंच होतं. तिनं इचार केला असन. मले काही बोलली नाई, म्याही इचारलं नाई.”

“मी शेषरावांना सांगते,” दुर्गा म्हणाली. “आत्ता सांगते. त्यांनी तरी तिच्याशी बोलावं.”

ती उठू लागली. पार्बताबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. हात मातीनं थंड होता.

“त्यायले सांगसान तं थे सरळ चावडीवर जातीन. राग वाईट हाये त्यायचा. मंग गावभर होईन. तुमच्या मनावरचं उतरन, बाई. पोट्टीची सुपारी काही वापस जात नाई.”

दुर्गा पुन्हा पोत्यावर बसली.

“रिद्धपूरकडचं एक सांगून आलं हाये,” थोड्या वेळानं पार्बताबाई म्हणाली. “बिजवर हाये. दोन लेकरं हायेत पयलीची. मानूस चांगला हाये म्हनतात.”

पार्बताबाईनं शिव्या दिल्या असत्या तर तिनं खाली मान घालून ऐकल्या असत्या. त्यासाठीच ती आली होती. माफ केलं असतं तर ती रडली असती. ह्या बाईनं दोन्ही केलं नाही. तिनं पाच जुड्या उचलल्या, केळीच्या सोपट्यानं एकत्र बांधल्या आणि दुर्गाच्या हातात ठेवल्या.

“नको, पार्बताबाई. आज नको.”

“न्या. रिकाम्या हातानं गेल्या तं हे इचारतीन मले, भांडून गेल्या काय म्हनून.”

परतीच्या वाटेवर शकुन बसून फुटलेल्या दांडाला चिखल लावत होती. दुर्गा तिच्यापाशी थांबली.

“तू असं करायला नको होतंस, शकुन.”

शकुननं चिखलाचा गोळा भेगेत दाबला, वरून हात फिरवला.

“तुमीही नाई, बाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग हात धुता धुता म्हणाली, “मुक्ताचा डावा पाय मागं पडते. तिले माया जाग्यावर उभी करा. मागच्या वळीत ठेवलं तं थे दुसऱ्यायकडं पाहत राह्यते अन् चुकते. पुढं असली की नाई चुकत.”

“करीन.”

शकुननं मान हलवली आणि फावडं घेऊन ती दुसऱ्या वाफ्याकडे गेली. दुर्गा तिच्या पाठीकडे पाहत उभी होती. मोट रिकामी होऊन पुन्हा विहिरीत उतरली, तशी ती निघाली.

मळ्याबाहेर गाडीवाटेला लागली आणि समोरून मैनाबाई आली. वस्तीच्या टोकाचं घर तिचं, फुलांचा मळा होता. दुर्गा मुली मागायला गेली होती तेव्हा हिनं दारातूनच परत पाठवलं होतं. आज तिनं डोईवरची शेवंतीची टोपली उतरवली आणि वाटेतच थांबली.

“शेषरावकडं गेल्या होत्या? तुमीच अशा, बाई. दुसरी असती तं तोंड पाह्यलं नसतं त्या पोट्टीचं. तुमी इतकं केलं तिच्यासाठी अन् तिनं तुमचा शब्द खोटा पाडला. समद्या वस्तीले माहीत झालं. तुमी मात्र एक शब्द काहाडला नाई तिच्या नावानं.”

दुर्गाच्या हातातल्या मेथीवरचं पाणी मनगटावरून ओघळून कोपरापाशी आलं. मळ्यात शेषराव बैलांना हाकारत होता, तो आवाज इथपर्यंत स्पष्ट येत होता. त्यालाही इथलं बोलणं ऐकू गेलं असतं, जरा मोठ्यानं बोललं असतं तर.

“मैनाबाई, ती पोरगी…” दुर्गा म्हणाली आणि थांबली.

मैनाबाईनं दोन पळं वाट पाहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला.

“जाऊ द्या. नका बोलू. थेच तं म्हनतो मी.” ती जवळ सरकली. “माई सुभद्रा हाये ना, अकरा वर्साची. तुमी आल्या होत्या तवा म्या नाई म्हटलं होतं. मनात शंका होती. आता नाई राह्यली. घरच्यायलेही समजावलं. म्हटलं, बाईच्या भरोशावर पाठोतो. घेसान ना तिले?”

गाडीवाटेनं कापसाची एक बंडी आली. दोघी बाजूला झाल्या. बंडी पुढं गेली, धूळ खाली बसली. मैनाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“एक जागा रिकामी आहे,” दुर्गा शेवटी म्हणाली. “उद्या चार वाजता पाठवा.”

“पाठोतो, बाई,” मैनाबाई म्हणाली. “तुमी हायेत तं मले फिकीर नाई.”