हातमोज्याच्या कॅसेटी

"आवाज? तो तर मी सगळा काढून टाकला," चष्मेवाला म्हणाला. आणि पाहुण्याला आनंदच होईल अशा समजुतीने त्याने हेही सांगितलं, की आता कितीही कान देऊन ऐकलं तरी मागमूस सापडायचा नाही, इतकं स्वच्छ काम झालं आहे.

कॅसेटवाले दारातच उभे होते. चार जिने चढून आल्याने त्यांना धाप लागली होती, त्यामुळे छातीत जे काही होत होतं ते जिन्यांमुळे की या वाक्यामुळे, हे त्यांचं त्यांनाच कळेना. चष्मेवाल्याने खुर्चीवरचा पसारा उचलून त्यांना बसवलं आणि तो पाणी आणायला आत गेला. खोलीच्या तिन्ही भिंतींना कॅसेटींची कपाटं होती, प्रत्येक कप्प्यावर नाव आणि साल लिहिलेलं. आपलं दुकानसुद्धा कधी इतकं नीट लावलेलं नव्हतं, असं त्यांना वाटून गेलं.

दुकान बंद होऊन वीस वर्षं होत आली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे कॅसेटवालेच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत काउंटर, मागे पडदा आणि पडद्यामागे टीव्ही नि व्हीसीआर, एवढाच त्या व्हिडिओ लायब्ररीचा थाट. काउंटरवर ते बसत आणि पडद्यामागे त्यांची बायको. परत आलेली प्रत्येक कॅसेट कुठे चुरगळली तर नाही ना, हे बघण्याचं काम तिचं. ती ते अथपासून इतिपर्यंत करी, मध्ये एक मिनिटसुद्धा पुढे ढकलत नसे.

कॅसेटी पुरवणारा वितरक मोठा वस्ताद होता. चालणाऱ्या दहा कॅसेटी हव्या असतील, तर न चालणाऱ्या चार गळ्यात मारल्याशिवाय तो सोडत नसे. त्या चारांत नेहमी जुने इटालियन खूनपट असत. खुनी कोण ते शेवटपर्यंत दिसत नाही, दिसतात ते फक्त त्याचे काळ्या चामड्याचे हातमोजे. म्हणून घरात त्यांचं नाव पडलं हातमोज्याच्या कॅसेटी. भाषा इटालियन, नाहीतर वरून चिकटवलेली इंग्रजी, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. गिऱ्हाईक हौसेने कॅसेट नेई आणि तासाभरात आणून काउंटरवर आपटे.

तिला मात्र या कॅसेटींनी वेड लावलं. लाल-निळ्या उजेडातले ते गोल जिने, ऐटदार कोट घातलेल्या बायका, आणि खून होत असताना कुणीतरी शेजारच्या खोलीत अंगाई गुणगुणतंय असं वाटायला लावणारं संगीत. सगळ्यात जास्त तिला आवडे तो त्यातला साक्षीदार. प्रत्येक सिनेमात एक साधा माणूस योगायोगाने खून बघतो. त्याने फार महत्त्वाचं काहीतरी पाहिलेलं असतं, आणि ते काय, हेच त्याला आठवत नाही. "सगळं त्याच्या डोळ्यांसमोर झालंय हो," ती जेवताना सांगे, "पण आपण काय बघितलं तेच त्याला कळत नाहीये." त्यावर कॅसेटवाले भाजीत मीठ कमी आहे म्हणत.

मग तिनेच शक्कल काढली. त्यांच्या व्हीसीआरला चित्र तसंच ठेवून फक्त आवाज नव्याने भरायची सोय होती. जुना आवाज पुसला जाई आणि माइकमध्ये बोलाल तो बसे. ती एकेक सिनेमा तीन-तीनदा बघे, वहीत टिपणं काढी, आणि दुपारी गर्दी नसताना पडद्यामागे माइक घेऊन सबंध गोष्ट आपल्या भाषेत सांगे. जे कळलं नाही ते बेलाशक स्वतःच्या पदरचं घाली. "ही बहुतेक त्याची मावशी असावी, डोळे सारखे आहेत." कुणी अंधारात जिना चढू लागली, की हिचा जीव वरखाली होई. "अगं बाई, दिवा लाव आधी. नाही लावणार. यांच्या घरी दिवे नुसते शोभेला असतात." आणि एखादीवर सुरी उगारली गेली की म्हणे, "कोट बघा काय सुंदर आहे. एवढ्या चांगल्या कोटात मरायचं, म्हणजे कमाल झाली."

त्या कॅसेटी धो धो चालल्या. लोक सिनेमाचं नाव विचारत नसत, वहिनींची नवी आली का, एवढंच विचारत. तिचा नियम एकच होता. शेवटची दहा मिनिटं राहिली की ती म्हणे, "आता मी गप्प बसते. खुनी कोण ते तुमच्या डोळ्यांनी बघा." त्यानंतर माइक चालूच असे, कारण मध्येच बंद केला तर मूळचा आवाज दणकन सुरू होऊन माणूस दचके. पण ती बोलत नसे. खुनी कोण हे तिने गल्लीतल्या एकालाही कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. खरं म्हणजे नवऱ्याने कधी विचारलंच नव्हतं.

चष्मेवाला त्यांच्याकडे आला होता तो दीड वर्षापूर्वी. असले सिनेमे जमवणारे जगभर लोक आहेत, हे कॅसेटवाल्यांना त्याच्याकडूनच कळलं. तिकडे या सिनेमांना पिवळे म्हणतात, कारण तसल्या रहस्यकथांची पुस्तकं पूर्वी पिवळ्या वेष्टनात निघत, असंही तो म्हणाला. आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हणजे काय हे आठवून कॅसेटवाल्यांनी घाईघाईने विषय बदलला. माळ्यावरच्या खोक्यांत एक्केचाळीस कॅसेटी निघाल्या. चष्मेवाला हरखून गेला. यातल्या काहींमध्ये असे तुकडे आहेत जे नव्या डिस्कवर कापून टाकलेत, चित्र तेवढं मिळालं तरी सोनं आहे, असं तो सांगत होता. माळा मोकळा होतोय म्हणून कॅसेटवालेही खुशीत होते. त्या भरात ते म्हणाले, "चित्र झकास आहे, पण वर आमच्या मंडळींची बडबड आहे. ती तेवढी काढून टाका म्हणजे झालं."

ती तिथेच चहाचे कप गोळा करत होती. एरवी अशा बोलण्याला दोन शब्द जास्तच ऐकवले असते तिने, तिच्या जिभेला कुठलं हाड. त्या दिवशी काही बोलली नाही, कप घेऊन आत गेली. तेव्हा कॅसेटवाल्यांना त्यात काही विशेष दिसलं नव्हतं.

सव्वा वर्षाने तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागली, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असं नाही, एक शब्द राहिला. "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, खिडकी लावायची असली तरी तेच, आणि चुकीची वस्तू आणून दिली तर डोळ्यांत पाणी आणून दहा वेळा तेच, तेच. तिला सगळं कळत होतं. आत शब्दांचं भांडार जसंच्या तसं होतं, फक्त दार उघडत नव्हतं. कॅसेटवाले दिवसभर ओळखत बसत. पेला? चादर? लेकीला फोन? दहांतली आठ उत्तरं चुकत. चाळीस वर्षं एका घरात राहून आपल्याला बायकोच्या मनातलं एक अक्षर ओळखता येत नाही, हे त्यांना रोज नव्याने कळत होतं, आणि करता येण्याजोगं काहीच नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, की हिच्या आधीच्या बोलण्याचं एखादं रेकॉर्डिंग आहे का, सलग बोलण्याचं. स्वतःचाच आवाज, स्वतःचीच लय ऐकता ऐकता कधी कधी एखादा शब्द परत येतो. येईलच असं नाही, पण बघू या. कॅसेटवाल्यांनी घर धुंडाळलं. लेकीकडच्या समारंभांचे व्हिडिओ होते, त्यांवर सगळीकडे गाणी घातलेली. मोबाइल समोर धरला की ती हात आडवा करून पळे. तीन दिवस शोधल्यावर त्यांना एकदम हातमोज्याच्या कॅसेटी आठवल्या, आणि इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. एक्केचाळीस कॅसेटी, दीड-दीड तास, सलग तीच.

तेच आज त्यांनी धापा टाकत चष्मेवाल्याला सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने चित्र उतरवून घेतलं होतं आणि त्याला परदेशातून मिळवलेला मूळ आवाज जोडला होता. जुना आवाज साठवून ठेवायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅसेटींना बुरशी धरली होती, ती बाकीच्यांना लागेल म्हणून काम झाल्यावर त्या भंगारात दिल्या.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात," तो अगदी हळू म्हणाला.

"हो, मीच म्हणालो होतो," कॅसेटवाले म्हणाले.

त्याच्यावर रागवावं तर त्याचा काडीचा दोष नव्हता. उलट तोच अपराध्यासारखा उभा होता. म्हणाला, मलाही त्यांचं बोलणं ऐकताना फार हसू यायचं, एका सिनेमात तर त्यांनी खुनी माणसाच्या आईला मावशी करून टाकलं होतं. मग काहीतरी आठवून तो टेबलाखाली शिरला आणि एक खोकं ओढून त्याने त्यातली तळाची कॅसेट काढली. ही एक राहिली होती. हिची सुरुवातीची सगळी फीत बुरशीने चिकटून गेली होती, ती त्याने कापून टाकली होती. शेवटचा तुकडा स्वच्छ करून पुन्हा चढवला होता, पण आवाजाला अजून हात लावला नव्हता.

"किती आहे?" कॅसेटवाल्यांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं असेल."

पंधरातून दहा गेली तर पाच. कॅसेटवाल्यांनी जिने उतरताना हा हिशेब चार वेळा केला. पाच मिनिटं पुष्कळ झाली. पाच मिनिटांत ती एखाद्या कोटाबद्दल, एखाद्या जिन्याबद्दल काय काय बोलली असेल. चष्मेवाला स्वतः व्हीसीआर उचलून रिक्षापर्यंत आला. हवा तितके दिवस राहू द्या, म्हणाला.

घरी आल्यावर त्यांनी टीव्हीला वायरी जोडल्या. बोटं काम विसरली नव्हती. ती पलंगाला टेकून बसली होती. कॅसेट बघितल्याबरोबर तिने डावा हात पुढे केला, ती मांडीवर घेतली, वरच्या तिच्याच अक्षरातल्या नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तेच."

"हो, तेच," कॅसेटवाले म्हणाले. या वेळी तरी त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

चित्र सुरू झालं. तांबड्या उजेडातली लांबच लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना आरसे, आणि हिरव्या कोटातली एक बाई भिंतीला हात लावत पुढे चाललेली. कॅसेटवाल्यांनी आवाज पूर्ण वाढवला. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग खुर्ची करकरली. वहीचं पान उलटलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. कॅसेटमधल्या तिने घसा साफ केला, अगदी जवळ, कानाशी केल्यासारखा. बोलली नाही.

त्यांनी यंत्रावरचे आकडे बघितले. पंधरा मिनिटं नव्हती. जेमतेम नऊ होती.

मग आवाज आला, पण तो त्यांचाच होता. पडद्यापलीकडे काउंटरवर ते कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होते, तरणाबांड, मोठा, स्वतःवर खूश असलेला आवाज. कॅसेट मागे फिरवून आणत जा, किती वेळा सांगायचं. गिऱ्हाइकाने काहीतरी विचारलं असावं. "ती होय? ती आत आहे. आमचं रेडिओ स्टेशन चालू असतं दिवसभर," आणि वर त्यांचंच ते गडगडाटी हसणं. अलीकडे, माइकजवळ, तिने कप खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला. पुढे सात मिनिटं तेच बोलत राहिले, पावसापाण्याचं, शेजाऱ्याचं, वितरकाचं, आणि ती तिच्या नियमाप्रमाणे गप्प बसून राहिली.

कॅसेटवाल्यांना टीव्ही बंद करावासा वाटला. पण ती पुढे वाकून बघत होती. आरशांच्या मार्गिकेत काळे हातमोजे आले, हिरव्या कोटातली बाई मागे वळली, आणि तिने खुनी माणसाला ओळखलं. तो कोण हे आत्ता पहिल्यांदाच कॅसेटवाल्यांनाही दिसलं. इतका वेळ बाजूला उभा राहून मदत करणाराच माणूस होता तो. पलंगावरून बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं, बघितलंत ना, अशा नजरेने. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पडद्यावर नावं वर सरकू लागली. कॅसेटमधून त्यांच्या चपलांचा आवाज दुकानातल्या पडद्याजवळ आला. "झालं का गं?" त्यांनी पलीकडून विचारलं.

लगेच खट् असा आवाज झाला. उत्तर द्यायच्या आधी तिने माइक बंद केला होता.

पलंगावर ती हलली. तिने मान वर केली, ओठ जुळवले, उघडले, परत जुळवले. गळ्याची शीर ताणली गेली. कॅसेटवाले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ खटपट करून ती म्हणाली, "तेच." मग तेही नको म्हणून तिने डावा हात हलवला, आणि त्या जुन्या प्रश्नाला नुसती मान डोलवून हो म्हटलं.

कॅसेटवाल्यांनी सवयीने कॅसेट मागे फिरवायला लावली. ती पुरती मागे जाईपर्यंत दोघंही रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत बसली.